बाटल्यांची झबली

तोरिनो, नोव्हेंबरातला मंगळवार

प्रिय योलांदा,

तुझं पार्सल पोचलं. वाइनच्या दोन्ही बाटल्या धड पोचल्या, वाटेत एकही फुटली नाही. फोनच करणार होते, पण आमचा फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणि त्याच्या बरोबर खाली सेकोंदोची खुर्ची. नवऱ्याविषयीचं बोलणं नवऱ्याच्या डोक्यावरून कसं करायचं? शिवाय फोनवर तू "सगळं ठीक आहे, उगाच बिल वाढवू नकोस" म्हणून ठेवून देतेस, आणि हे वाक्य तू माझ्याकडूनच शिकलीस, म्हणून रागावताही येत नाही. आज तो रोक्कोबरोबर पेन्शनच्या रांगेत गेला आहे. दोघं भांडत जातात आणि भांडत येतात, म्हणजे मला दुपारपर्यंत सवड आहे.

इथलं सगळं तू सोडून गेलीस तसंच आहे. जिना अजून तुझ्या मजल्यापर्यंत स्वच्छ आणि त्याच्या वर घाण. तुझ्या घरात एक तरुण जोडपं आलं आहे. माणसं भली आहेत, पण रविवारी मिस्सेला जात नाहीत. नुन्झिया तळमजल्यावरून अख्ख्या इमारतीवर नजर ठेवून असते. पोस्टमन तुझं पार्सल तिच्याकडेच ठेवून गेला, त्याची हकीकत पुढे येते. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारचं आपलं वाइन चाखणं चालू आहे. फक्त खिडकीकडच्या तुझ्या आणि तुझ्या एफिझिओच्या दोन खुर्च्या मी मागे सरकवून ठेवते. त्यांवर कोणी बसत नाही. नुन्झियाने एकदा पर्स ठेवली, तर रोक्को म्हणाला, "उचल ती, एफिझिओ दबेल खाली."

तुला आठवतं ना, बाटल्यांना झबली घालायची वेळ का आली? रोक्को त्याच्या पुलियातल्या भावाकडची वाइन आणायचा आणि ती सोडून बाकी सगळ्यांना नाकं मुरडायचा. नुन्झिया म्हणायची सिसिलीच्या उन्हासारखं ऊन नाही, एफिझिओ म्हणायचा सार्डिनियाच्या वाऱ्यासारखा वारा नाही, आणि सेकोंदो, चौघांत इथला तो एकटाच, म्हणायचा की तुम्ही सगळे पोटासाठी पिएमोंतेत आलात आणि आमच्या बार्बेरा वाइनलाच नावं ठेवता. एका रविवारी पानं वाढायच्या आधीच दोघं उठून गेले. तेव्हा मी सेकोंदोचा कोपरं फाटलेला करडा स्वेटर उसवला आणि बाटल्यांसाठी सारखी झबली विणली. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी बाटल्या माझ्याकडे द्यायच्या, मी झबली चढवायची, रविवारी कोणती कुठली ते चाखून ओळखायचं. ओळखायचा सेकोंदोच. पेला नाकाशी नेऊन डोळे मिटायचा आणि एखाद्या माणसाची ओळख करून द्यावी तसं सांगायचा, ही अमक्या डोंगराच्या सावलीतली, हिला पावसाने त्रास दिला. रोक्को टेबलावर थाप मारून "साफ चूक" म्हणायचा, आणि मी झबलं काढलं की सेकोंदोचं बरोबर निघायचं. तरी रोक्को म्हणायचा, "बाटली खोटं बोलते."

मग साखरेच्या आजाराने एफिझिओचे डोळे गेले. त्यानंतरचा पहिला रविवार मी विसरले नाही. तू त्याला हाताला धरून आणलंस, आणि कोणी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "मला झबली नकोत बाबा, मी स्वतःच झबलं घालून आलोय." आणि बाटलीवर हात फिरवून पुढे म्हणाला, "पियेरिना, हिचा एक टाका सुटलाय." मी पाहिलं तर खरंच सुटला होता. त्या दिवसापासून सेकोंदोने वास सांगायच्या आधी त्याला रंग सांगायला सुरुवात केली. ही, एफिझिओ, आपल्या चर्चच्या विटेसारखी, दुपारी चारची वीट बरं का, सकाळची नाही. ही नुन्झियाने नातवाला रागावल्यावर तिच्या गालाला येतो त्या रंगाची. एफिझिओ हसायचा आणि तू त्याचा पेला उजेडाकडे धरून ठेवायचीस, त्याला दिसत नसतानाही. मी ते बघायचे आणि मनातल्या मनात जपमाळेचा एक मणी पुढे सरकवायचे.

आता जे सांगायला बसले ते सांगते. फेब्रुवारीत सेकोंदोला ताप आला. ताप उतरला, खोकला गेला, पण त्याच्याबरोबर त्याचं नाकही गेलं. त्याने मला सांगितलं नाही. मार्च-एप्रिलच्या रविवारी सर्दीचं निमित्त केलं. मला कळलं ते व्हिनेगरच्या रांजणीवरून. रविवारची उरलीसुरली वाइन मी त्यात ओतते, एक थेंब टाकत नाही, तुला ठाऊकच आहे. दर शनिवारी तो फडकं उचलून वाकतो, हुंगतो आणि सांगतो, झालं किंवा अजून नाही. त्या शनिवारी मी रांजणी घासायला काढली होती आणि तिच्यात नुसतं नळाचं पाणी भरून ठेवलं होतं. तो आला, फडकं उचललं, वाकला, चांगला लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "अजून आठवडाभर राहू दे."

मी "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? डॉक्टरांना एकटीच जाऊन विचारलं. ते म्हणाले, कधी परत येतो वास, कधी येत नाही, वाट बघा. माझी भीती वेगळीच होती. चर्चच्या गायकमंडळातला तो म्हातारा ओरेस्ते आठवतो? त्याचा आवाज गेला तरी तो येऊन पहिल्या रांगेत नुसतं तोंड हलवायचा. सेकोंदो दर वेळी घरी येताना म्हणायचा, "आवाज गेला की उठावं माणसाने. दुसऱ्यांनी कीव करेपर्यंत बसू नये." कारखाना सुटल्यापासून या माणसाकडे आठवडाभर काही नसतं, योला. पेपर, चौक, रोक्कोशी भांडण. तो महिनाभर जगतो तो त्या एका रविवारसाठी. तिथून उठला असता तर मग तो कुठे बसला असता?

मला एफिझिओची बोटं आठवली. मी नवीन झबली विणली, त्याच करड्या लोकरीची. लांबून सगळी सारखी. पण रोक्कोच्या बाटलीला उभ्या रेघा, नुन्झियाच्या बाटलीला बारीक वेणी, आमच्या बार्बेराला साधा टाका. दुपारी ती सेकोंदोच्या पेपरशेजारी ठेवली आणि मी वाळत घातलेले कपडे काढायला गेले. परत आले तेव्हा तो पेपर वाचत होता आणि एक हात झबल्यांवर होता. मी कपड्यांच्या घड्या घालायला बसले. मे महिन्यापासून ओतताना बाटली मुठीत धरायचा, बोटं जराशी फिरवायचा आणि बरोबर सांगायचा. वर्णन जुन्या आठवणीतून करायचा. मी पापनिवेदनाला गेले तेव्हा फादर चेलेस्तीनोंना हे सांगितलं.  ते जाळीपलीकडून म्हणाले, "तीन वेळा नमो मरिया म्हणा. आणि पुढच्या रविवारी वेणीवाली असेल तर मला बोलवा."

आता या महिन्याचा रविवार. नुन्झियाने तुझं पार्सल तिच्याकडे दडवून ठेवलं होतं, मलासुद्धा कळू दिलं नाही. तिला वाटलं सगळ्यांना चकित करावं. तीन बाटल्या झाल्यावर तिने टॉवेलात गुंडाळलेली चौथी पुढे केली. "ही ओळख, मग मानते तुला." मी तिच्याकडे बघते आहे, ती माझ्याकडे बघून हसते आहे. सेकोंदोने टॉवेलवरून हात फिरवला. टॉवेल काय सांगणार? त्याने ओतली, पेला नाकाशी नेला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले. मग म्हणाला, "रोक्को, लबाडा, दोन बाटल्या आणल्यास तू. ही पुलियाचीच."

खोलीत तुमच्या गावाकडचा तो वास भरून राहिला होता, योला. एफिझिओ तुमची बाटली उघडायचा तेव्हा यायचा तोच. ओळखला नाही असं आमच्यात कोणी नव्हतं. आणि रोक्को, ज्याने इतक्या वर्षांत सेकोंदोच्या एका शब्दाला होकार दिला नाही, तो पानात बघत म्हणाला, "बरोबर. पुलियाची."

सेकोंदोने पेला खाली ठेवला. "काय म्हणालास?"

"बरोबर म्हणालो."

"तू मला बरोबर म्हणतोस? डॉक्टरने तुम्हाला परस्पर काही सांगितलंय का? मी मरतोय का?"

कोणी हसेना. नुन्झियाच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिने टॉवेल सोडला, आणि बाटलीला बांधलेल्या चिठ्ठीवरचं तुझं अक्षर त्याला दिसलं. तो बराच वेळ ते वाचत राहिला, जणू खूप काही लिहिलं होतं. तू तर दोनच शब्द लिहिलेस, "तुम्ही प्या." मग तो म्हणाला, "मला वास येत नाही. फेब्रुवारीपासून."

"ठाऊक आहे," रोक्को म्हणाला. "जुलैत मी मुद्दाम खराब बुचाची बाटली आणली होती. ओल्या तळघरासारखा वास मारत होती. तू तिला राणी म्हणालास."

"मग तेव्हाच का नाही बोललास, गाढवा?"

"आम्ही ती राणी संपवली सगळ्यांनी. नुन्झियाने दोनदा घेतली. आणखी काय करायचं होतं?"

मला वाटलं होतं त्या दिवशी माझंच तोंड बिघडलं आहे. सेकोंदो उठला. ओरेस्तेचं नाव घेतलं नाही, पण मला ते ऐकू आलं. खुर्ची टेबलाखाली सारली, अगदी नीट, पुन्हा बसायचं नसल्यासारखी, आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी उठणार तेवढ्यात रोक्को तुझ्या वाइनचा पेला घेऊन त्याच्यामागे गेला. दार उघडंच होतं. रोक्कोने पेल्यात नाक खुपसलं आणि म्हणाला, "हिला... बुटाच्या दुकानाचा वास आहे." सेकोंदो खाली रस्त्याकडे बघत राहिला. "चांगल्या बुटांच्या दुकानाचा. महागाच्या. आणि कसला तरी पाला. आणि जांभळाच्या रंगाचं काहीतरी सुकलेलं. आता पुरे, मी काय प्रवचनकार आहे?" तेव्हा सेकोंदोचे खांदे हलताना मला मागून दिसले. मला वाटलं रडतो आहे. तो हसत होता. म्हणाला, "इतकी वर्षं हे नाक घेऊन तू माझ्याशी वाद घालत होतास?"

दोघं आत आले. सेकोंदोने खुर्ची परत ओढली. माझ्या शेजारून जाताना हळूच म्हणाला, "वेणी सुरेख जमली होती." मला वर बघवेना. मग त्याने तुझा पेला पुढे ओढला आणि एकेकाला विचारत गेला. "कसला पाला? उन्हातला की सावलीतला? ओला की वाळलेला?" नुन्झियाने प्रयत्न केला, मीही केला. आम्हाला कोणाला सांगता येईना, कारण आम्ही कोणी तुमचा तो डोंगर पाहिलेलाच नाही. रोक्कोचा धीर सुटला, "पाला म्हणजे पाला." सेकोंदोने मागे सरकवलेल्या त्या दोन खुर्च्यांकडे पाहिलं आणि दुसरी बाटली स्वतः नेऊन कपाटात ठेवली. ती उघडायची नाही म्हणाला. तुझ्यासाठीच, हे मला कळलं.

म्हणून हे पत्र. एफिझिओ वारल्यावर सार्डिनियाला परत जाताना स्टेशनवर तू मला म्हणाली होतीस, "इतकी वर्षं मी त्याचे डोळे होते, पियेरिना, आता माझं कोणाला काय काम?"  गाडी सुटली आणि मी रुमाल हलवत राहिले. तिथे तू पेले फळीवर पालथे घालून ठेवलेस म्हणालीस, ते राहू देत तसेच, तुझा पेला इथे आहे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ये. बोटीचं साधं तिकीट काढ, महागात फक्त खुर्चीला मखमल जास्त असते. दुसऱ्या बाटलीसाठी मी झबलं विणायला घेतलं आहे, त्यात एक टाका मुद्दाम सोडला आहे, एफिझिओच्या बोटांसाठी. ज्याने त्याला दुपारी चारची वीट दाखवली, तो आता पेला हातात घेऊन बसला आहे आणि पाला ओला की वाळलेला ते विचारतो आहे. ते त्याला तूच सांगू शकशील. तुझी खुर्ची मी आजच टेबलाशी आणून ठेवली.

तुझीच,
पियेरिना