पार्टी बोट आणि प्रेमराजची सव्वा मूठ

तीर्थस्वरूप नाना,

तुमच्या दुखऱ्या गुडघ्याला लांबूनच हात लावून भटूचा नमस्कार. (पायांपर्यंत वाकलो असतो, पण वाकल्यावर मला उठवायला माणूस लागतो आणि पत्रात तो कुठून आणू?) धुळ्याच्या नव्या डॉक्टरने दिलेला पट्टा तुम्ही बांधता, की कमलवहिनी अजून त्याने गरम पातेली उतरवतात? त्यांच्या कानाचं मशीन आलं का? आलं असेल तर त्यांना माझा नमस्कार मोठ्याने सांगा, आलं नसेल तर आणखी मोठ्याने सांगा. इकडे सगळं ठीक. हितेंद्र ठीक, सूनबाई भूमिका ठीक, म्हैस दोन दिवस रुसली होती, तीही आता ठीक. मी तेवढा आंघोळीला बसलो की बादलीत वाकून बघत नाही. ते का, ते पुढे येईल.

फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणालच. नाना, फोनवर तुम्ही मोठे भाऊ असता आणि मी लगेच हो म्हणून मोकळा होतो. गेल्या महिन्यात तसंच झालं. तुम्ही म्हणालात, प्रेमराजला जाऊन बेचाळीस वर्षं झाली. यंदाच्या श्रावणात कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांना गहू मोजताना त्याच्या नावाची मूठ घ्यायची नाही, आणि नाशिकला जाऊन त्याचं काय ते रीतसर उरकून टाकायचं. मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि म्हशीला पाणी पाजायला गेलो. तुमचंही खोटं नाही. घरातल्या एकेका बाप्याचं नाव घेऊन सव्वा-सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे ही आपली रीत, आणि आई गेल्यापासून ते तुमच्या हाताने होतं. मागच्या वर्षी भूमिकेने ओसरीवरचे बापे मोजले ते सात, आणि नावं ऐकली ती आठ. तिने मला विचारलं, आबा, हे प्रेमराज कोण? मी सांगितलं, माझा मधला भाऊ, धरण भरलं त्या वर्षी पाण्यात गेला, सापडला नाही. ती म्हणाली, म्हणजे ते आहेत की नाहीत? मी म्हटलं, वरण करपतंय बघ.

असो. बोटीचं सांगतो. हितेंद्र मित्रांबरोबर गोव्याला गेला होता. तिथे एका बोटीवर गाणी, नाच, रंगीत पेयं आणि तोंडात नळी धरून समुद्राच्या तळाचे मासे बघणं असा कार्यक्रम असतो म्हणे. हा परत आला तो वेगळाच माणूस होऊन. केळीच्या बागेत उभा राहून म्हणाला, आबा, आपल्याकडे काय कमी आहे? मी म्हटलं, समुद्र. त्याने धरणाकडे बोट दाखवलं. मग मासेमारीचा ठेका ज्याच्याकडे आहे त्या अभिमनच्या दोन नावा शेजारी-शेजारी बांधून वर फळ्या ठोकल्या, पारोळ्याच्या मंडपवाल्याकडून प्लॅस्टिकची चार नारळाची झाडं आणली (एका झावळीला कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता अजून चिकटलेल्या होत्या), नळ्या, काचेचे मुखवटे आणि नारिंगी जॅकेटं सुरतेहून मागवली आणि बोर्ड रंगवला, ‘ट्रॉपिकल पार्टी बोट’. पेय म्हणजे निळं सरबत आणि त्यात कागदाची छत्री. (मागच्या टोकाला पाहुणे आपापल्या पिशवीतून त्यात काय ओततात तिकडे मी बघत नाही. बापाने काही गोष्टी बघायच्या नसतात.) राहिला प्रश्न, आपल्या धरणात तळाला बघायचं काय? मे अखेरीला पाणी इतकं उतरतं की जुनं गाव दीड पुरुष पाण्याखाली उरतं, हे तुम्हाला माहीत आहे. बोर्डावर खाली त्याने लिहिलं, ‘पाण्यातलं गाव बघा, सरबत मोफत’. ते वाचून मला कसंतरीच झालं, पण पोरगा उत्साहात होता म्हणून बोर्ड टांगायला दोरी धरली.

पहिल्या फेरीला भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले बारा जण आले, कुणाच्या तरी निवृत्तीची पार्टी होती. नारळ फोडायला मी. टळटळीत दुपार, गाणी इतकी मोठ्याने की काठावरचे बगळे उठून शेजारच्या तालुक्यात गेले. जुन्या गावावर आल्यावर अभिमनने नांगर टाकला आणि पत्र्याचा एक डबा पुढ्यात घेऊन बसला. त्याच्या बापजाद्यांची पद्धत अशी की पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक माणसामागे डब्यात एक खडा टाकायचा, आणि माणूस वर आला की एक खडा काढून पाण्यात फेकायचा. डबा रिकामा झाला की नाव हलवायची, त्याआधी नाही. हितेंद्र म्हणाला, काका, मी मोबाइलमध्ये मोजतो. अभिमनने ऐकून घेतलं आणि खडे टाकत राहिला. बारा टाकून झाल्यावर त्या निवृत्त साहेबांनी पाण्यातून माझ्याकडे बघत विचारलं की आबांना पोहायला येत नाही वाटतं. नाना, पाठीला डबा बांधून मला विहिरीत पोहायला कुणी शिकवलं? प्रेमराजने. त्याचा चेला सरबत धरून बसून राहील का? मी धोतर खोचलं, जॅकेट चढवलं, आणि अभिमनने तेरावा खडा टाकला.

त्या नळीची गंमत सांगतो. ती दातांत धरायची आणि तोंडाने श्वास घ्यायचा. साठ वर्षं मी नाकाने घेत आलो, आणि तेही विचार न करता. पहिल्या पाच मिनिटांत अर्धं धरण माझ्या पोटात गेलं, कवळी दोनदा निसटली (एकदा ती निवृत्त साहेबांनी पकडून दिली, फार सज्जन माणूस), आणि जॅकेट मला सारखं उताणं करी. शेवटी पालथं पडायला जमलं. खाली नुसतं हिरवं. बाकीचे अकरा-बारा नारिंगी गोळे इकडेतिकडे हात मारत होते, गाणी वरून बद्द ऐकू येत होती. मग कसं कोण जाणे, माझ्याखालचं पाणी निवळलं.

नाना, गल्ली दिसली. मारुतीचा ओटा दिसला, निंबाचा बुंधा दिसला, आणि त्याला वळसा घालून मी आपल्या दारावर आलो. मी पोहत नव्हतो, हे लिहून ठेवतो. हात-पाय हलवत नव्हतो, तरी दार जवळ येत होतं. भिंती कमरेएवढ्या उरल्यात, सगळीकडे बोटभर गाळ, आणि उंबऱ्याच्या आत जातं. आपलं जातं. खुंट्यासकट उभं, वर गाळाचा एक कण नाही, आणि भोवती गोल पांढरं, पीठ सांडावं तसं. (अभिमन नंतर म्हणाला, शिंपल्यांचा चुरा असेल. असेल.) ते जातं तिथे का राहिलं, हे तुम्ही आजवर एकदाही बोलून दाखवलं नाहीत. गाव उठलं तेव्हा ते बैलगाडीत टाकायचं काम माझं होतं. मी कबुतरांची पेटी गाडीत टाकली आणि जातं विसरलो. नव्या गावठाणात श्रावण आला, आई रडायला लागली की परक्या जात्यावर कानबाईचं दळण कसं करू, आणि प्रेमराज ट्रकची ट्यूब घेऊन भर दुपारी जातं आणायला गेला. ट्यूब तेवढी वाऱ्याने काठाला लागली. त्या माणसाला दगडाचं जातं रबरी ट्यूबवर ठेवून आणायचं होतं, नाना. त्याच्या डोक्यात असलेच उद्योग असायचे, आणि ते मला आवडायचे.

आता मी पाहिलं ते लिहितो, तुम्ही रागावू नका. जात्याच्या पलीकडे एकजण बसला होता. नारिंगी जॅकेट, काचेचा मुखवटा, एक पाय लांब केलेला, बाया दळायला बसतात तसा. मला आधी वाटलं, रेल्वेचाच कुणीतरी. मनात म्हटलं, भारी दम आहे गड्याचा. मग लक्षात आलं की जॅकेट घातलेला माणूस खाली बसूच शकत नाही. मी एवढा जड, तर मला ते बूच वर यावं तसं वर ढकलत होतं, आणि हा खाली गाळावर पाय पसरून निवांत. त्याच्या तोंडातून बुडबुडा निघत नव्हता. त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि हात पुढे केला. तळवा वर, बोटं जराशी मिटलेली. दळणारी बाई जात्यात वैरायला मूठभर दाणे मागते ना, अगदी तसा. मी हात पुढे केला की नाही ते मला आठवत नाही. मला एवढंच आठवतं की मला भीती वाटली नाही. लाज वाटली.

वर कसा आलो ते माहीत नाही. हितेंद्रने काखेत धरून ओढलं आणि पाठ चोळली. एकेक करून सगळे शिडीने चढत होते आणि अभिमन खडे फेकत होता. मी नारळाच्या झाडाखाली धापा टाकत होतो, माझं लक्ष त्याच्या हाताकडे. शेवटचा खडा गेला, डबा रिकामा. अभिमनने सवयीने डबा उपडा करून ठोकला. आणि शिडी पुन्हा वाजली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “आबा, बठ्ठा खडा सरी ग्यात. मंग हाऊ कोन चढी ऱ्हायना?” नारिंगी जॅकेट, मुखवटा, पाणी निथळतंय, फळीवर आला आणि बाकीच्यांत मिसळला. हितेंद्र ट्रेमधून पेले वाटत होता, तेरा ओतले होते, तेराही उचलले गेले, आणि मी माझा घेतलाच नव्हता. मग साहेबांनी मुखवटे काढायला लावले, फोटोसाठी. बारा माणसं, बारा तोंडं, सगळी हसरी. अभिमनने दोनदा मोजली. माझा पेला कठड्यावर रिकामा होता आणि कागदाची छत्री मिटून शेजारी नीट ठेवलेली होती. आपल्यात छत्री मिटून ठेवणारा एकच माणूस होता, बाकी आपण सगळे ती उघडीच कोपऱ्यात फेकतो.

अभिमन त्या दिवसापासून बोटीवर येत नाही. कंबर धरली म्हणतो. हितेंद्रचा धंदा मात्र जोरात आहे, जळगावपर्यंत नाव झालंय, रविवारी तीन फेऱ्या होतात आणि निळ्या सरबताने निम्म्या तालुक्याच्या जिभा निळ्या आहेत. माझं काय ते उन्हाने झालं असेल, असं डॉक्टरही म्हणाले. तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर तुम्ही मोठे आहात, तुम्ही ठरवाल ते मला मान्य. नाशिकचं तिकीट काढायचं झालं तर माझंही काढा, खिडकीजवळचं. गुडघ्याला जपा, जिने चढू नका, वहिनींशी भांडण खालच्या मजल्यावरच करा.

तुमच्या पाठचा, आणि पाठीवर तुमच्या हाताचे बरेच वळ खाल्लेला,
भटू

ता. क. — वरचं ‘मान्य’ खोडा. खोडलंत? आता ऐका. प्रेमराजची मूठ घ्यायची. यंदा तुमच्याऐवजी मी घेईन, कारण माझा हात तुमच्यापेक्षा मोठा आहे. नाशिकला आपण देवदर्शनाला जाऊ, बाकी काही करायला नाही. भूमिकेला मी उत्तर दिलं आहे, की ते आहेत. आणि यातलं अक्षरही हितेंद्रला कळवू नका, तो ते बोर्डावर लिहील.

ता. क. २ — लिहायला बसलोच आहे तर हेही सांगून टाकतो. सोमवारी कानबाई विसर्जनाला पाण्यावर नेतो तेव्हा प्रेमराजच्या वाट्याचा पुरणाचा रोट ताटात वाढून काठावर ठेवतो आणि मागे न बघता परततो. नंतर भांडी आणायला गेलं की ताट चाटूनपुसून रिकामं असतं. आई वाडाभर सांगत फिरायची, “मना पोऱ्या ई सनी जेवी गया.” नाना, तो रोट मी खात होतो. चपला विसरल्या म्हणून मागे वळायचो आणि उभ्याउभ्या खाऊन टाकायचो. पहिल्या वर्षी आईसाठी खाल्ला. ती गेल्यावरही खात राहिलो, कारण ताट भरलेलं सापडलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ऐकायचं नव्हतं. खाताना रडतही होतो, हे पुरणात मीठ लागायचं त्यावरून सांगतो.

ता. क. ३ — तीन वर्षांमागे मला साखर निघाली. तेव्हापासून मी त्या ताटाला हात लावलेला नाही, चपलाही विसरत नाही. ताट तिन्ही वर्षं रिकामंच मिळालं आहे. नाना, ते तुम्ही असाल तर एका ओळीने कळवा, मी हसेन आणि कुणाला सांगणार नाही. तुम्ही नसाल तर काहीच कळवू नका. नुसते आठ दिवस आधी या, गहू निवडायला.