एकही प्रयोग न गाळता

न्यू हेवन, १४ मार्च

प्रिय डेस्मंड,

तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज सुरुवात करतेय ती बातमीनेच. झालं रे! आपली क्वांटम अवस्था टिकली. दुरुस्ती न केलेल्या सर्वांत चांगल्या अवस्थेच्या दीडपट वेळ टिकली, आणि तेही एकही प्रयोग न गाळता.

ती अवस्था साठवायचा डबा तोच, तू ॲसिडने धुऊन धुऊन गुळगुळीत केलेला ॲल्युमिनियमचा. चूक पकडायची संकेतपद्धतही तुझीच. माहिती सूक्ष्मलहरींच्या अनेक कणांत अशी पसरायची, की एखादा कण निसटला तरी आत काय आहे ते न बघता नुसतं विचारायचं, सम की विषम? उत्तर पालटलं की समजायचं, एक कण गेला, दुरुस्त करा. तुझ्या शाळेतल्या मुलांना तू हे माझ्याहून सोपं सांगत असशील. हा प्रश्न विचारणारी चिपच अवस्था बिघडवत होती. आम्ही ती बदलली, बस्स.

गुरुवारी दुपारी आलेख आला तेव्हा ऑल्डन सर खुर्चीतून उठलेही नाहीत. "रोवेना, प्रयोग पुन्हा चालव," म्हणाले. अकरा वेळा चालवला. मग स्वतः जाऊन शिंपल्यांचा पिझ्झा घेऊन आले आणि पहिला तुकडा उचलताना म्हणाले, "डेस्मंडने तेव्हा घाई केली नसती, तर आज तोही इथे असता." मी हातातला तुकडा परत खोक्यात ठेवला.

तेव्हाही आपण जिंकलो म्हणून जाहीर केलं होतं. मग दुसऱ्या गटाने दाखवून दिलं, की फसलेले प्रयोग आधीच गाळल्यामुळे अवस्था जास्त टिकल्यासारखी दिसतेय. आपला शोधनिबंध मागे घ्यावा लागला. पहिलं नाव तुझं, म्हणून सगळे तुझ्यावर तुटून पडले. "नाव माझं, तर जबाबदारीही माझीच," एवढं बोलून तू मेन राज्यात शाळेत शिकवायला निघून गेलास.

डेस्मंड, प्रोग्राममधली ती गाळणारी ओळ मी लिहिली होती. तू विचारलंस तेव्हा मी बेधडक "तपासलंय" म्हणाले होते. तपासलं नव्हतं. काल बैठकीत सगळ्यांसमोर हे सांगितलं. सर म्हणाले, "हे आधी त्याला कळायला हवं होतं." म्हणून हे पत्र. नव्या निबंधावर पहिलं नाव तुझं असावं असं मी सुचवलंय, सरही तयार आहेत. पण तुझ्या होकाराशिवाय तो कुठेही जाणार नाही. सगळी मोजमापं सोबत पाठवलीत, जशी निघाली तशी. तू स्वतः तपास. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

तुझीच,
रोवेना