हिरव्या दाराचे तीन शेवट

तीर्थस्वरूप मावशीला साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी जेवढी अंगं टेकली तेवढी गोड मानून घे). तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला थांबला का, की अजून स्वतःच डॉक्टर होऊन स्वतःलाच औषध देतायत? इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. तुझी लेक, म्हणजे आमची धाकटी, वेळेवर जेवते, वेळेवर झोपते आणि दिवसभर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसून लोकांवर ओरडते, तेव्हा तिची काळजी करू नकोस. पत्र कशासाठी म्हणशील तर कशासाठीच नाही. सहज. (फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मधेच ‘बिल किती येईल’ म्हणून ठेवून दिला असतास.)

तर मावशी, बसली आहेस ना? नसलीस तर बस. आम्ही चौघांचा बँड आल्बम काढतोय! नुसती गाणी नव्हेत, अख्खी गोष्ट. पहिल्या गाण्यात सुरू होते आणि शेवटच्या गाण्यात संपते, मधलं एक गाणं गाळलं तर पुढचं कळणार नाही असा पक्का बेत. हल्ली सगळे बँड असले आल्बम काढतात, कुणी अवकाशात हरवलेल्या माणसाचा काढतो, कुणी सुट्टीत लोकांनी गाडीत लावावा म्हणून काढतो. आम्ही म्हटलं, आपण दोन्ही एकदम काढू. सुट्टीचा आल्बम आणि सुट्टीतलीच गोष्ट. आणि गोष्ट कुणाची? तुझी! जहाजावरच्या आचाऱ्याची! ज्याच्या डोक्यात वादळात मोठं पातेलं पडतं आणि आपलं घर कुठल्या गावात ते तो विसरतो, फक्त दार हिरवं होतं एवढं आठवतं, आणि मग दर बंदरावर उतरून हिरवी दारं ठोठावत फिरतो. आई दवाखान्यात होती आणि आम्ही तिघं भावंडं अख्खी सुट्टी तुझ्याकडे होतो, त्या सुट्टीतली. दुपारी चटईवर ओळीने झोपवून तू सांगायचीस ती. आल्बमचं नाव ‘हिरवं दार’. सुट्टी लागली की वाचनालयाच्या अंगणात पहिल्यांदा वाजवायचा असं ठरलंय, पत्रकंसुद्धा वाटून झालीत, आणि माझ्या चष्म्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी अक्षरं वाचायला लावण्याऐवजी तेच पत्रक वाचायला लावतो. आनंदाने मला नुसतं उधाण आलंय.

रेकॉर्डिंगला जागा कुठली, हे विचारशीलच. ताईचा दवाखाना. जनावरांचा असला म्हणून काय झालं, रविवारी बंद असतो आणि भिंती जाड आहेत. दादाने (प्लंबर असला तरी गिटारवर हात बरा बसलाय, फक्त तार तुटली की पान्हा शोधतो) चारी बाजूंनी गाद्या उभ्या केल्या आणि माइक सलाइनच्या स्टँडला टांगला. पहिल्याच गाण्यात बोंब. माझा पेटीचा तुकडा सुरू झाला की आतल्या पिंजऱ्यात ऑपरेशन झालेला एक थोराड कुत्रा मान वर करून रडायला लागायचा. ताई गायची तेव्हा गप्प, दादाच्या गिटारला गप्प, माझ्यावरच राग. तिसऱ्यांदा रडला तेव्हा दादा ओरडला की अरे, हा तर जहाजाचा भोंगा! आणि खरंच मावशी, डोळे मिटून ऐक, जहाज बंदराला लागल्यासारखंच वाटतं. आता प्रत्येक बंदराला तोच भोंगा आहे. त्याच्या मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, आल्बमवर कुत्र्याचं नाव पेटीवाल्याच्या वर छापा. धाकटीचं दुसरंच दुखणं. ड्रम ती झकास वाजवते, पण दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून तिच्या पायाला ब्रेकची सवय लागली आहे. गाणं जरा वळणावर आलं की तिचा पाय आपोआप दाबला जातो आणि अख्खा बँड मंदावतो. ताई म्हणाली, जाऊ दे, जहाजसुद्धा बंदराजवळ हळूच होतं. अशी आमची प्रत्येक चूक गोष्टीच्या पथ्यावर पडत गेली आणि आम्ही हवेत तरंगायला लागलो.

आता खरी गंमत ऐक. कामाच्या वेळा जुळेनात, म्हणून गाणी आम्ही वाटून घेतली होती. ज्याला जे बंदर आवडतं ते त्याने लिहायचं, सवड मिळेल तसं रेकॉर्ड करायचं. आणि शेवटाबद्दल कुणी कुणाशी बोललंच नाही. का? तर तूच शपथ घातली होतीस! तुझा नेमच होता की सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात रोज दुपारी, जो जागा राहील त्याच्या कानात शेवट सांगायचा, एकेकाच्या, आणि त्याने तो दुसऱ्या कुणाला सांगायचा नाही. आम्ही तिघांनी एवढी वर्षं तो शब्द पाळला. (दादाने लहानपणी माझी यच्चयावत गुपितं आईला सांगितली, पण हे नाही.) धाकटी सगळ्यात लहान, ती दर वेळी तुझ्या मांडीशी झोपून जायची, म्हणून तिला शेवट माहीतच नाही. मग आम्ही तिघांनी, आपल्यालाच ठाऊक आहे तर आपणच करावं, अशा थाटात, शेवटचं गाणं गुपचूप लिहून एकट्यानेच रेकॉर्डही करून टाकलं. तिघांनी. तीन.

परवा सगळं एकापुढे एक जोडून, स्वतःही आधी न ऐकता, वहिनीला ऐकवलं. तुला माहीत आहे, ती शाळेत शिकवते, तिच्या हातून अर्धा मार्कसुद्धा सुटत नाही. ती शांतपणे शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग म्हणाली, गाणी छान आहेत हो, पण हा माणूस तीनदा घरी कसा काय पोचतो? ताईच्या गाण्यात दाराचा रंग बदललेला असतो, म्हणून त्याला आपलं घर ओळखू येत नाही आणि तो त्याच गल्लीत दुसरं घर घेऊन मजेत राहतो. दादाच्या गाण्यात तो दारं ठोठावून कंटाळतो, बाजारातून हिरव्या रंगाचा डबा आणतो, जहाजावरच्या आपल्या खोलीचंच दार रंगवतो आणि म्हणतो, झालं घर. आणि माझ्या गाण्यात (म्हणजे खऱ्या गोष्टीत) त्याने ठोठावायच्या आधीच दार उघडतं, कारण बायकोने पावलं ओळखलेली असतात.

मग जे काय पेटलं! तू ऐकायला हवं होतंस. ताई म्हणे, मावशीने माझ्या कानात सांगितलंय, तुमचं सगळं मनाचं. दादा म्हणे, मोठा मीच, मला खोटं कशाला सांगेल? मी म्हटलं, मोठी ताई आहे, आणि तुला तर गोष्टीतलं जहाजसुद्धा दुरुस्त करायचं असतं. त्यावर त्याने माझ्या पेटीच्या माइकची वायर काढून घेतली, ताईने त्याला दवाखान्यातून बाहेर व्हायला सांगितलं, आणि मी एकदम म्हणून बसलो की माझा शेवट नसेल तर मी बँडमध्ये नाही. वायर नाही, पेटी नाही, तरी तोरा बघ माझा! कुत्रासुद्धा भुंकायचा थांबून आमच्याकडे बघत होता. आल्बम बुडाला, पत्रकं फुकट गेली, असंच मी धरून चाललो.

शेवटी वहिनीनेच तोंड घातलं. त्या सुट्टीत तुमचं काय काय चाललं होतं, असं तिने विचारलं. आणि मावशी, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. जुनं घर सुटणार हे तेव्हा एकट्या ताईलाच ठाऊक होतं, आणि ती तुला रोज विचारायची की नव्या गल्लीत माझं कोण असेल. दादा दिसेल ते खोलून पुन्हा जोडत बसायचा, तुझा पंखासुद्धा सोडला नाही. आणि मी? मी रोज संध्याकाळी तुझ्या दाराशी बसून आईच्या पावलांचा आवाज ऐकायचा प्रयत्न करायचो. लबाड कुठली! तू तिघांना तीन शेवट दिलेस आणि वर शपथ घालून ठेवलीस. ताई रडली, दादा नळ बघायच्या निमित्ताने आत गेला आणि मी चष्मा पुसत बसलो. मला तुझं इतकं कौतुक वाटलं की तिथल्या तिथे येऊन तुझे पाय धरावेसे वाटले (कंबर नसती धरली तर). तिन्ही शेवट ठेवायचे असं लगेच ठरलं. भांडण मिटलं, वायर परत मिळाली.

एवढंच कळवायचं होतं. काकांना नमस्कार. गुडघ्यांना तेल लावत जा. बाकी क्षेमकुशल.

तुझा,
पेटीवाला

ता. क. खरं सांगायचं तर पत्र याचसाठी लिहिलं. धाकटीने काठ्या गाडीच्या डिकीत टाकल्यात आणि वाजवत नाही म्हणते. तिन्ही शेवटांवर ड्रम अजून चढवायचे आहेत, तिच्याशिवाय आल्बम पुरा होत नाही, आणि वाचनालयवाले रोज विचारतायत. कारण उघड आहे, आम्हाला तिघांना शेवट मिळाला, पोटच्या पोरीला नाही. तेव्हा तू ये. तिच्या कानात तिचा शेवट सांग. आम्ही माइक बंद ठेवू, बाहेर थांबू. मग ती जे वाजवेल ते शेवटचं गाणं, शब्दांशिवाय.

ता. क. २. आलीसच तर मला एकट्यालाच सांग, माझाच खरा ना? बोलू नकोस, नुसती मान हलव. ताईला कळू देऊ नकोस.

ता. क. ३. वरचं सगळं खोडायला हवं, पण कागद संपला. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात धाकटी मागून वाचून गेली. हसली. म्हणाली, झोपायचं कोण? मी एकदासुद्धा झोपले नव्हते. शेवट झाला की तुमच्या बॅगा भरायच्या, आणि मग त्या चटईवर मी एकटी. म्हणून डोळे मिटून पडायचे. गोष्ट संपली नाही तर तुम्ही जाणार नाही, असं वाटायचं. आता हा आल्बम संपला की बँड आपापल्या कामाला लागेल, म्हणून काठ्या डिकीत. मावशी, तुला हे माहीत होतं ना? नाहीतर तू तिला एकदा तरी हलवून उठवलं असतंस. तेव्हा शेवट आणू नकोस. तू नुसती ये, चटई आमच्याकडे आहे, आणि आचारी कुठल्याशा नव्या बंदराला लागला म्हणून गोष्ट पुढे सांगायला घे. आम्ही दुसरा आल्बम काढतोय, हे मी तिला आत्ताच सांगून टाकलंय, आणि ती काठ्या आणायला खाली गेली आहे.