खुर्चीखालचा कचरा

३ जानेवारी

सात मिनिटं! घड्याळ समोर ठेवून बघितलं. आठव्या मिनिटाला मी पुस्तक सोडून खिडकीच्या गजावरचा गंज नखाने खरवडत होते.

बावीस वर्षं मी ही अभ्यासिका सांभाळते. सकाळी सातला कुलूप काढायचं, झाडायचं, साठ खुर्च्या पुसायच्या, आणि मग दिवसभर दारापाशी बसून "हळू बोला" म्हणत राहायचं. किती पोरं इथून शिकून कुठल्या कुठे गेली. मी आपली दारात. आता नवे साहेब म्हणतात, या पदाला दहावी पास लागतं. "मे अखेरपर्यंत प्रमाणपत्र आणा. नाहीतर तुम्हाला परत सफाईत जावं लागेल, दाराला हजेरीचं यंत्र बसवू." चांगल्या आवाजात म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं.

मी नववीत शाळा सोडलेली. लेकीने बाहेरून बसायचा फॉर्म कधीच भरून टाकलाय, ही वहीही तिचीच. "आई, लक्ष कुठे जातं ते लिहून काढ. चोर सापडेल." तिला बोलायला काय जातंय! बीजगणित माझ्या सत्तेचाळीस वर्षांच्या डोक्यात घालायचंय.

किल्ली मात्र द्यायची नाही. काही झालं तरी नाही.

५ जानेवारी

चोर सापडला. दार!

तासाभरात एकतीस वेळा मान वर गेली. एकतीस! कोण आलं, कोण गेलं, चपला बाहेर काढल्या का. एकदा तर वाऱ्याने दार हललं तरी मी वर बघितलं. बाकीच्या वेळी लक्ष गेलं ते असं — दुधाची पिशवी, सहाव्या पंख्याचा आवाज, आणि नववीतल्या माझ्या बाईंची अंबाड्यात खोवलेली पेन्सिल. ती कुठून आली देव जाणे. तीस वर्षांत आठवली नव्हती.

८ जानेवारी

पोरांना विचारत सुटलेय. तुम्ही लक्ष लावता कसं? सगळ्यांकडे एकेक औषध आहे.

फेऱ्या मारत पाठ करणारी मुलगी म्हणाली, "मावशी, चालत वाचा, डोक्यात बसतं." चालले. दुसऱ्या फेरीला मला तिसऱ्या रांगेतली धूळ दिसली आणि मी फडकं आणायला गेले. जाड चष्म्याचा म्हणाला, कानात कापूस घाला. घातला. साहेबांचे चार फोन वाजून गेले! पाचव्यांदा ते स्वतः येऊन समोर उभे राहिले. मी कापूस काढला तर म्हणतात, "तब्येत बरी नाही का?"

मजा वाटते पण. बावीस वर्षं यांच्यात राहिले आणि हे कधी विचारलंच नाही.

११ जानेवारी

विचारायचं होतं ते अध्यक्षांनाच! काखेत कळसा आणि मी गावभर फिरतेय.

अध्यक्ष हे मी ठेवलेलं नाव. सात वर्षं रोज येतात. चौदा नंबरची खुर्ची, भिंतीकडची. आठ वाजता बसले की सहापर्यंत पाठ ताठ. दाराकडे बघत नाहीत, फोनला हात लावत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. तिशीचे असतील. आणि स्वच्छता अशी, की त्यांच्या खुर्चीखाली सात वर्षांत कधी काडी सापडली नाही. नव्या पोरांना मी त्यांच्याकडे बोट करून सांगते — अभ्यास शिकायचा तर तिकडे बघा.

विचारायचा धीर होत नाही. त्यांची समाधी मोडायची म्हणजे! त्यापेक्षा मागे बसून नक्कल करते.

१३ जानेवारी

दारापाशी फेऱ्यावाल्या मुलीला बसवलं आणि मी अध्यक्षांच्या मागे. त्यांनी पान उलटलं की मीही एक ओळ पुढे सरकायचं, ते मान वर करत नाहीत तोवर मीही नाही. बावीस मिनिटं! घड्याळ दोनदा बघितलं, बंद पडलंय की काय म्हणून.

१४ जानेवारी

आज अठरा. एकाच गणितात तीनदा खोडलं, शेवटी कागद फाटला. क्ष कुठे पळाला ते त्यालाच माहीत.

१९ जानेवारी

काहीतरी कळलंय आणि ते कळलं नसतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी झाडत होते. माझ्या स्वतःच्या टेबलाखाली आले आणि लाजच वाटली. खोडरबराचा केवढा तो चुरा! पेन्सिलीच्या साली, फाटलेले कागद, पेनाचं टोपण. पोरांना मी रोज ओरडते आणि स्वतः उकिरडा केलाय. मग पुढे झाडत गेले. फेऱ्यावालीच्या खाली चुरा. चष्म्याच्या खाली चुरा आणि चुरगळलेले बोळे. जो म्हणून काही सोडवतो, चुकतो, खोडतो, त्याच्या खुर्चीखाली कचरा आहे.

चौदा नंबर लख्ख.

केरसुणी हातात धरून उभीच राहिले. आज लख्ख, काल लख्ख, सात वर्षं लख्ख. मी त्याला शिस्त म्हणत होते. अहो, माणूस काही लिहीतच नसेल तर पडणार काय?

२० जानेवारी

दिवसभर त्याच्याकडे बघितलं. पान उलटतं. सारख्या अंतराने उलटतं. पेन्सिल टेबलावर आडवी, टोक नव्यासारखं. एकदाही उचलली नाही.

२१ जानेवारी

माझा अभ्यास शून्य. डोक्यात एकच — दहा तास हा तिथे करतो काय? विचारलं तर मेल्याहून मेल्यासारखं होईल त्याला. नाही विचारलं तर मी वेडी होईन.

२२ जानेवारी

विचारलं!

एक ते दोन अभ्यासिका बंद असते. सगळे जातात, हा बाहेरच्या पायरीवर डबा खातो. मी शेजारी बसले. म्हटलं, "कुठली परीक्षा देतोस रे?" त्याने डबा बंद केला, परत उघडला. मग म्हणाला, "मावशी, वयाची अट चार वर्षांपूर्वीच संपली."

"मग?"

"घरी सांगितलं नाही. आईला वाटतं, चालू आहे. घरी बसलं की सगळे तोंडाकडे बघतात. इथे कोणी बघत नाही."

मी जीभ चावली. इथे तर मी सगळ्यांना त्याच्याकडेच बघायला लावत होते!

"पण मग दहा तास करतोस काय?"

"पानं उलटतो. सगळी पाठ आहेत. पुढच्या पानावर काय ते न बघता सांगतो." थोडा हसला. "तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं एकाग्रता!"

तेव्हा खरं हसला. आणि मग डोळे पुसले, मी दुसरीकडे बघितलं. वाईट वाटलं, फार वाटलं. माझा एवढा आदर्श, आणि आतून असा रिकामा बसलेला.

२३ जानेवारी

रात्रभर ठरवत होते, त्याला धीराचा शब्द कोणता द्यावा. सकाळी समोर आला तर तोंडातून निघालं काय — "तुला समीकरणं येतात का?"

म्हणाला, "येतात की."

"मग एक ते दोन मला शिकव. डबा मी आणते."

२९ जानेवारी

आतून कडी लावून बसतो. कोणी येऊ शकत नाही, तरी माझी मान दाराकडे जातेच! मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, "बघा की. फक्त बघायच्या आधी बोट त्या शब्दावर ठेवा. बघून झालं की बोटापाशी परत या. दारावर रागावण्यात वेळ जातो, बघण्यात नाही."

खरंच की! मी दर वेळी मान वर गेली की स्वतःला शिव्या घालत बसायचे. त्या शिव्यांतच पाच मिनिटं जायची.

दुसरी त्याची तऱ्हा म्हणजे गणित समजावून झालं की पुस्तक मिटतो आणि म्हणतो, "आता तुम्ही मला शिकवा. मला काही येत नाही." आणि असे ढ प्रश्न विचारतो! परवा म्हणे, "मावशी, क्ष पलीकडे गेला की त्याचं चिन्ह का बदलतं, कोणाला घाबरून?" मी चिडून चिडून सांगितलं. सांगताना मलाच कळलं.

६ फेब्रुवारी

चाळीस मिनिटं. त्यात दार फक्त पाच वेळा.

एक गोष्ट सुचली ती लिहून ठेवते. मला वाटायचं, माझं लक्ष लागत नाही. पण बावीस वर्षं मी दाराकडे डोळ्यांत तेल घालून बघतेय ना? कोणाची चप्पल नवी, कोणाचा चेहरा उतरलाय, कोण दोन दिवस आला नाही, सगळं मला माहीत असतं. ते काय लक्ष नव्हतं? लागतं तर आहे. फक्त ज्या कामाला ठेवलं, तिथेच बसायची त्याला सवय.

हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "मावशी, हे माझ्या एकाही पुस्तकात नाही." फुशारले मी दिवसभर.

१५ फेब्रुवारी

त्याने घरी सांगितलं. आपण होऊन! मी एका शब्दाने सुचवलं नव्हतं.

काल जेवताना आईने नेहमीसारखं विचारलं, अभ्यास कसा चाललाय. हा म्हणाला, अभ्यास नाही, शिकवतो. कधीपासून? तीन आठवडे झाले. मग परीक्षा? ती चार वर्षांपूर्वीच संपली. आईने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "विद्यार्थी किती?" "एक." "कितवीतला?" "दहावीतली." "हुशार आहे का?" "दारातून लक्ष काढलं तर आहे."

आणि वय विचारल्यावर म्हणे त्याची आई हसायलाच लागली. रडायलाही लागली. दोन्ही एकदम.

मी विचारलं, "वडील?" म्हणाला, "ते उठून गॅलरीत गेले. अजून बोलले नाहीत." असो. निदान तिथे आता एकच जण गप्प आहे.

२ मार्च

उद्या पहिला पेपर, भाषेचा. त्याची काळजीच नाही. भाषा काय, रोज बोलतो ती. भीती गणिताची. लेकीने दोन पेनं दिली, त्याने तिसरं. दोघांनी मिळून मला परीक्षेला पाठवलंय, किल्लीची लाज राखायला हवी.

३ मार्च

काय करून बसले मी!

पहिला प्रश्न निबंधाचा. चार विषय, त्यात एक — एका खुर्चीचे मनोगत. खुर्ची! साठ खुर्च्या बावीस वर्षं पुसल्यात मी. कोणत्या खुर्चीचा पाय लंगडा, कोणत्या खुर्चीवर पोरगी निकालाच्या दिवशी उठूच शकली नव्हती, कोणत्या खुर्चीला एकाने जाताना नमस्कार केला. लिहायला लागले. पुरवणी मागितली. आणखी मागितली. हात दुखत होता ते कळत होतं, बाकी काही नाही. त्या वर्गाला दार होतं की नाही तेही सांगता यायचं नाही.

मग बाई कागद ओढायला लागल्या. मी म्हटलं, अजून अर्धा तास आहे ना? त्या म्हणाल्या, "आजी, घंटा होऊन गेली. ऐकली नाही?"

नऊ पानं खुर्ची. बाकीचे चार प्रश्न कोरे. आणि वर आजी!

जन्मात पहिल्यांदा लक्ष लागलं ते असं.

४ मार्च

त्याला सांगितलं. कपाळाला हात लावला. मग म्हणाला, "खुर्चीचं वाचायला मिळालं असतं तर…" मी म्हटलं, गप बस आणि वर्तुळ शिकव.

१० मार्च

गणित. सगळे प्रश्न सोडवले. घंटा ऐकली.

२७ मे

निकाल. त्याच्या फोनवर बघितला, भर अभ्यासिकेत. "मावशी, गणितात एकसष्ट!" असा ओरडला की साठही माना वर. सात वर्षांत त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला पोरांनी. टाळ्या वाजवल्या. मी सवयीने म्हटलं, "हळू!" आणि स्वतःच रडायला लागले.

मग त्याने बोट खाली सरकवलं आणि फोन माझ्या हातात दिला. भाषा — तोंडीचे गुण धरून एकोणतीस. पस्तीस लागतात. सहा गुणांनी गेले.

साहेबांकडे गेले. त्यांनी कागद नीट वाचला, चष्मा काढला. "गणितात पास आणि भाषेत नापास? उलटं ऐकलं होतं." मग म्हणाले, "बाई, मला वाईट वाटतं. पण नियम आहे." एक तारखेपासून सफाई, मोठ्या कार्यालयात, दुपारची पाळी. मी खुर्चीचं काही सांगितलं नाही.

३१ मे

किल्ली दिली.

१ जून

सकाळी सातला आले. नवीन नोंदणीच्या रांगेत उभी राहिले, पोरांच्या मागे. यंत्रापाशी बसलेल्या मुलाने फॉर्म दिला. त्यात एक रकाना आहे — अभ्यास कशासाठी. बावीस वर्षं हे फॉर्म मीच गोळा केले, प्रत्येकाने तिथे 'नोकरी' लिहिलेलं. मी लिहिलं, आवडतो म्हणून.