पडद्याकडे पाठ

गिरगाव, मुंबई
ता. १८ नोव्हेंबर १९२८

तीर्थरूप सौ. वहिनींचे सेवेशी,
आत्मारामाचे शि. सा. न. वि. वि.

आंबापोळी, आमसुलं आणि कुळथाचं पीठ आगबोटीने सुखरूप पोचलं. दादाने आंबापोळीचा डबा स्वतःच्या उशाशी ठेवला आहे आणि मला रोज नखाएवढा तुकडा देतो. ही तक्रार समजावी.

थेटरात आम्ही दोघे भाऊ नक्की करतो काय, असं तुम्ही विचारलंत. तर ऐका. पडद्यावरची माणसं मुकी. पडद्याखाली एक खड्डा, त्यात दादाचा पियानो आणि माझा चेलो. दादा मान वर करून पडदा बघतो. घोडा दौडला की त्याची बोटं दौडतात, नायिका रडायला बसली की संथ होतात. जागा अपुरी म्हणून मी बसतो पडद्याकडे पाठ करून. मी बघायचं ते फक्त दादाच्या उजव्या खांद्याकडे. खांदा हलला की पुढे काय येणार ते कळतं. सहा वर्षांत शेकडो सिनेमे वाजवले, पाहिला मात्र एकही नाही. दादाच्या मागे अंधारात लोक हुंदके देतात तेव्हा वाटतं, बरं वाजलं असावं.

आमची खरी चैन रविवारी. मलबार हिलवर एका पारशी बाईंकडे उत्तम पियानो आहे. तिथे घोडे नाहीत, रडारड नाही. आम्ही दोघेच विलायती सोनाटा वाजवतो. गोव्याच्या मास्तरांनी आपल्या मांडवीला आम्हांला शिकवलं ते तिथे सार्थकी लागतं. तुम्ही तेव्हा आमच्या घरी यायच्या होतात. मी इतका लहान, की मास्तर दोन पाट एकावर एक ठेवून मला बसवायचे, आणि मी पडू नये म्हणून दादा एका पायाने पाट दाबून धरायचा. ते दिवस फार आठवतात.

आईला साष्टांग नमस्कार. लोभ आहेच, तो भरतीचा ठेवावा.

आपला,
आत्माराम

—

मांडवी, रत्नागिरी
ता. २ डिसेंबर १९२८

चि. आत्माराम भावोजींस,
दमयंतीचे अनेक आशीर्वाद, उपरी विशेष.

तक्रार पावली. आता फणसपोळी पाठवते ती तुमच्या नावाने. इकडच्या स्वारीने हात लावला तर मला कळवा.

इथे विहिरीवर बायका विचारतात, तुझे यजमान मुंबईत करतात तरी काय. मी सांगते, खाटेएवढी पेटी वाजवतात. आणि दीर? तो बाईमाणसाएवढी सारंगी गुडघ्यांत धरून बसतो. त्यावर शेजारची गंगुबाई म्हणाली, मग गो बाय, तो लग्न कशाला करतोय. हसून हसून माझी कळशी कलंडली. पण लग्नाचं मनावर घ्या हो, थट्टा नाही.

हसले खरी, पण घरी येऊन वाईट वाटलं. माझ्या लग्नाला आठ वर्षं झाली, आणि तुम्हां दोघांचं एकत्र वाजवणं मी एकदाही ऐकलेलं नाही. मुंबईची माणसं दाराशी दाटी करून ऐकतात आणि घरची मेली उपाशी. दर दिवाळीला ठरतं, पुढच्या खेपेस न्यायचं. पण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना कुणावर टाकून येऊ? त्यांचं करण्यात मला जड काही नाही. फक्त एकदा ऐकायचं आहे, एवढं लक्षात असू द्या.

तब्येतीला जपा, भावाला जपा. माया पातळ करू नका.

सौ. दमयंती

—

दादर, मुंबई
ता. २९ जानेवारी १९३४

तीर्थरूप सौ. वहिनींचे सेवेशी,
आत्मारामाचे शि. सा. न. वि. वि.

दादाला पाच पत्रं घातली. एकाचंही उत्तर नाही, म्हणून तुम्हांला लिहितो.

बोलपट आले, कानामागून आले आणि तिखट झाले. थेटरवाल्यांनी खड्ड्यावर फळ्या ठोकून खुर्च्या मांडल्या. दादा घरी परतला तो त्यामुळेच, असं त्याने तुम्हांला सांगितलं असेल. पुढचं बहुधा सांगितलं नसेल.

इथल्या एका स्टुडिओने आम्हां दोघांनाही बोलावलं होतं. परीक्षेला आम्ही रविवारचा आमचा सोनाटा वाजवला, आणि मधेच एकमेकांपासून सुटलो. असं कधी झालं नव्हतं. तिथल्या मास्तरांनी थांबवून विचारलं, चुकलं कोण. दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "हा मागे पडतो. दहा वर्षं मी ह्याला ओढत आणलाय." दुसऱ्या दिवशी तो आगबोटीत बसला. मास्तरांनी मला एकट्याला पुन्हा ऐकलं आणि ठेवून घेतलं.

ह्याला सव्वा वर्ष झालं, पण ते वाक्य कानातून जात नाही. हातात चेलोचा गज घेतला की वाटतं, मागे पडलो. म्हणून घाई करतो, आणि आता घाईबद्दल बोलणी खातो. ज्या दिवसांवर मी जगत आलो, ते मलबार हिलचे रविवारसुद्धा आठवायची भीती वाटते. मी तिथे बसून आनंदात वाजवत होतो तेव्हा दादा ओझं ओढत होता का?

एका कचेरीत कारकुनाची जागा आहे. होळीपर्यंत होकार द्यायचा आहे. चेलोला गिऱ्हाईकही आलं आहे. वहिनी, दादाला एकदाच विचारा, तो बोलला ते खरं का. हो म्हणाला तरी मी राग धरणार नाही. मग निदान सोडताना मन खात राहणार नाही.

कृपा असावी, माझ्यावर नसली तरी ह्या पत्रावर असावी.

आपला,
आत्माराम

—

मांडवी, रत्नागिरी
ता. ७ फेब्रुवारी १९३४

चि. आत्माराम भावोजींस,
दमयंतीचे अनेक आशीर्वाद, उपरी विशेष.

पत्र वाचून आधी रडले आणि मग संतापले. तुमच्यावर नव्हे.

सासूबाईंचं वर्षश्राद्ध झालं की मी मुंबईला यायचं, असं ठरलं होतं. त्याच्या आधी वाजवणारेच परत आले. आले ते उजवा हात पंचाखाली लपवूनच. पण भात कालवताना हात कुठे लपतोय? शेवटची दोन बोटं आपोआप तळव्यात वळतात, ती उलगडत नाहीत. दुपारी सगळे लवंडले की ओटीवर पाट घेऊन त्यावर बोटं चालवत बसायचं. तीन चालतात, दोन मिटलेली.

खोदून विचारलं तेव्हा कळलं, हे मुंबईतच सुरू झालं होतं, थेटर सुटायच्या दोन वर्षं आधी. डॉक्टर म्हणाले शिरा आखडल्या, उपाय नाही. आणि मला गळ्याची शपथ घातली, आत्मारामाला हे कळता कामा नये.

ती शपथ आज मोडली. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणून मी गप्प बसले, तर इकडे तुम्ही चेलो विकायला निघालात. पाप लागलं तर मला लागू दे. त्या परीक्षेला कोण चुकलं, ते मला सूर कळत नसले तरी कळलं. पण ते मी सांगणार नाही. बोललं ज्याने, त्यानेच सांगायला हवं.

तुमचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि माझं इथवरचं वाचून दाखवलं. दिवसभर पोटात अन्न नाही. मीही आग्रह केला नाही. संध्याकाळी बंदरावर फिरून आले आणि दौत मागितली. लेखणी धरली की उरलेली तीनही आखडतात; डाव्या हाताने चार कागद बिघडले, पाचवा सोबत घालते आहे. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाचा.

मी आहे तोवर ह्या घरात तुमचं पान मांडलेलंच आहे.

सौ. दमयंती

—

चि. आत्माराम यास,
अनेक आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितो, म्हणून थोडक्यात.

त्या दिवशी माझी बोटं मिटली आणि स्वर गळाले. मास्तरांनी विचारलं तेव्हा मला शरम वाटली. तोंडातून तुझं नाव गेलं. तुझा चेहरा दिसला, तरी मी ते परत घेतलं नाही. तुझी पाचही पत्रं वाचली. उत्तर द्यायला तोंड नव्हतं.

चेलो विकू नकोस. शिमग्याला घेऊन ये. दोघांचं ऐकणं तुझ्या वहिनीच्या नशिबी नव्हतं, तुझ्या एकट्याचं तरी ऐकू दे. मी तिच्याशेजारी बसेन.

एक गोष्ट तुला अजून ठाऊक नाही. शेवटची दोन वर्षं मी रोज अडखळत होतो. तू खांद्याकडे बघून वाजवायचास. खांदा रेंगाळला की तूही रेंगाळायचास, आणि मला तेवढी उसंत मिळायची. पारशी बाई म्हणायच्या, अलीकडे तुम्ही किती जीव ओतून संथ वाजवता. तू खूश व्हायचास. मी नुसतं पुढचं पान उलटायचो.

त्या दिवशीही तू मागे पडला नव्हतास. तू माझ्यासाठी थांबला होतास, आणि मी पोचलो नाही.

तुझा,
दादा