खासदारांची खुशाली

पळसदेव, मंगळवार, १५ नोव्हेंबर १९९४

आज दिल्लीहून पत्र आलं. खासदारांचं! अजून खरं वाटत नाही.

दिवाळीआधी मी त्यांना लिहिलं होतं की गावात टेलिफोन हवा. वहिनी बाळंतपणात अडली तेव्हा गाडी बोलवायला फोन नव्हता आणि बाळ गेलं, तेही लिहिलं. शाळेत मुलांना शिकवते तसाच मायना घातला: माननीय खासदार, लोकसभा, नवी दिल्ली. शेवटी 'आपली विश्वासू'. सगळं नेटकं. तर माझे वडील, आबा, म्हणाले, "खाली लिव, आमी हितं खुशाल हाय, तिकडची खुशाली कळवावी."

मी चिडलेच. "आबा, ते काय आपले पाव्हणे आहेत का?"

"मग काय झालं? त्याबिगर पत्र कोरडं वाटतं."

शब्द मोडवेना. लिहिलं, पण पाकीट पेटीत टाकताना लाज वाटत होती.

उत्तर टाईप केलेलं आहे. मागणी दूरसंचार खात्याकडे पाठवली म्हणे. आणि सहीखाली, निळ्या शाईत, हातानं: 'इकडे सर्व खुशाल. वहिनींची तब्येत आता कशी आहे?' एवढ्या मोठ्या माणसानं? ती ओळ मी किती वेळा वाचली कोण जाणे.

आबांना काहीच नवल नाही. "इचारलं तर सांगणारच की. सूनबाईचं कळव लगीच."

आता उत्तर लिहायला बसले आहे. 'माननीय' हा शब्द मी मुलांना वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून देते. ती निळी ओळ समोर ठेवून आज तो पहिल्यांदा मनापासून लिहिला.