बांधीतली माय

माय, तुझ्यावर बसवलेलं नृत्य या उन्हाळ्यात मी साकोलीत दाखवलं. तुला जाऊन बरीच वर्षं झाली. एवढ्या काळात ते कुठेकुठे झालं, पण आपल्या भागात कधी झालं नव्हतं. मावशी पहिल्या रांगेत बसली होती, नवी पांढरी साडी नेसून. ती अर्ध्यातून उठून गेली. तेच सांगायचं आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय ते सांगता येत नाही.

बारावीनंतर नृत्य शिकायला बंगळूरला जाते म्हणाले, तेव्हा तू चुलीपुढे बसून भाताची पेज काढत होतीस. मागे न वळता म्हणालीस, "आपल्या लोकायनं लई पिढ्या दुसऱ्याच्या दारी वाजवलं, नाचलं. ते सोडलं तव्हा माणसात आलो. अन् तू पैसे भरून नाच शिकाले जाऊन राहिली?" दोन दिवस तू बोलली नाहीस. मग एसटी स्टँडवर सोडायला आलीस आणि हातात पांढऱ्या कापडी बुटांचा जोड दिलास. नाचताना पायाला लागू नये म्हणून. आम्ही अनवाणी नाचतो, हे मी तुला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पुढे मी स्वतः नाच बसवायला लागले. त्यात घुंगरू नाहीत, देवादिकांच्या गोष्टी नाहीत. तू विचारायचीस, "मंग लोक पाह्यतात काय?" मी म्हणायची, माणूस कसा उभा राहतो, कसा पडतो, कसा दुसऱ्याला टेकतो, ते. "ते तं घरीच दिसते," तू म्हणायचीस आणि विषय संपायचा.

मग तुला लकवा मारला. मी हातातलं काम सोडून आले आणि तो हिवाळा तुझ्यापाशी राहिले. अजून डोळ्यांसमोर आहे. सकाळचं ऊन खाटेवर येतं, तू डाव्या हाताने उजवा हात उचलतेस, शेजारणीचं झोपलेलं लेकरू उचलावं तसा, आणि मांडीवर ठेवतेस. थोडा वेळ त्याच्याकडे बघतेस. मग खांदा पुढे टाकून उठायचा प्रयत्न करतेस. मी दारात उभी असते. एके दिवशी तू जड जिभेने विचारलंस, "तू मले पाहून राहिली का शिकून राहिली?"

"दोन्ही," मी म्हणाले.

तू डाव्या हाताने उजवा हात माझ्याकडे सरकवलास. मग म्हणालीस, "हा हात आता माया कामाचा नाही. तुया कामाचा असन तं घे."

आंब्याला मोहोर आला तेव्हा तू गेलीस. विहारातल्या बायांनी वंदना म्हटली आणि त्या आपापल्या घरी गेल्या. मी बंगळूरला परतले आणि तो हात घेऊन कामाला लागले. तुझी भूमिका करणारी, माझ्याकडे शिकणारी मुलगी फार चांगली नाचायची, तीच अडचण होती. तिने हात उचलला की तो सुंदर दिसायचा. मी पुन्हा पुन्हा थांबवायची. शेवटी तिच्या हाताला ओल्या वाळूची पिशवी बांधली. आठवडेच्या आठवडे ती तशीच उठायची, बसायची, रडकुंडीला यायची. मग पिशवी सोडली, तरी वजन राहिलं. संगीत ठेवलं नाही, फक्त तिचा श्वास. त्या कामाने मला नाव दिलं. परक्या गावांत लोक उभे राहून टाळ्या वाजवत आणि मी वाकून नमस्कार करत असे.

साकोलीत प्रयोग संपल्यावर मावशी बाहेर पायरीवर बसलेली सापडली. मी शेजारी बसले. तिने पदराने तोंड पुसलं.

"लोकाइले आवडलं असन," ती म्हणाली. "मले नाही पाहवलं. खाटेवरची तुई माय मी मोठ्या मुश्किलीनं विसरली होती. मले बांधीतली पाह्यजे, धानाच्या चिखलातली. रोवण्यात तिच्या बरोबरीनं कोणी बाई टिके नाही. वाकली का उठेच ना, अन् तोंड आपलं चालूच, साऱ्यायले हासवे. ते तं तू नाचात घेतलंच नाही. काहून?"

मी म्हटलं, आता ते करीन.

म्हणून तेव्हापासून गावातच आहे. ते जुनं नृत्य बंद केलं, ठरलेले प्रयोगही रद्द केले. सध्या धानाचे रोवणे चालू आहेत. सकाळी बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभी राहून बायांना बघते. धानाचे कोवळे पऱ्हे चिखलात खोचत खोचत त्या मागे सरकतात. मग शाळेच्या रिकाम्या खोलीत जाऊन कंबरेतून वाकते, मागे सरकते. थोडं सरकले की उजवा हात आपसूक जड होतो, लोंबायला लागतो. मी उभी राहते, झटकते, पुन्हा वाकते. पुन्हा तेच. तू रोवण्यातून यायचीस तेव्हा मी पुस्तकात डोकं घालून असायची. पुढे सुट्टीत आले तरी रोवण्याच्या दिवसांत कधी आले नाही.

मावशी संध्याकाळी येते, ओसरीवर बसून विचारते, "जमून राहिलं का?" मी खोटंच हो म्हणते. हे लिहिलेलं तिला वाचून दाखवावं, असं मनात आलं होतं. नाही दाखवणार. तिच्याजवळ ती बांधीतली माय अजून आहे. मी तुला बांधीत कधी पाहिलंच नाही; डोळे मिटले की तू खाटेवरचीच येतेस.